कोर्स कुठला करू? आधी नाइटचं रजिस्टर उघड

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारीची दोन वर्षांची पशुसंवर्धन पदविका झाली आहे. पुण्यात चोवीस तास चालणाऱ्या एका कुत्र्या-मांजरांच्या हॉस्पिटलमध्ये ती तीन वर्षं नर्स आहे, त्यातलं दीड वर्ष रात्रपाळी. पुढे इमर्जन्सी आणि क्रिटिकल केअरमध्येच राहायचं आहे. ती विचारते, "ताई, ४५ हजार रुपये फीचा सहा महिन्यांचा एक ऑनलाइन कोर्स आहे, तो करू का? परदेशातली स्पेशालिस्ट नर्सची पदवी इथे बसून मिळते का? आणि रात्रपाळी करून अभ्यास करायचा कधी?"

ताई म्हणालीस म्हणून मीही सरळ अगं-तुगंवर येते. या कामात मला एकोणीस वर्षं झाली. पहिली सहा जुन्नर-आंबेगावकडे गाई-म्हशींत गेली, नंतरची सगळी पुण्यात, आणि त्यातली निम्मीअधिक रात्रीची.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, म्हणून ते आधी. अमेरिकेत इमर्जन्सी आणि क्रिटिकल केअरमधल्या टेक्निशियन-नर्सची एक अकादमी आहे. १९९६ साली तिला मान्यता मिळाली, आणि टेक्निशियनांच्या स्पेशालिटींमध्ये ती तिथली पहिली. परीक्षेला बसण्याआधी निदान तीन वर्षं पूर्णवेळ याच विभागात काम केलेलं लागतं, केसेसची नोंदवही लागते, सविस्तर केस रिपोर्ट लागतात आणि येणाऱ्या कौशल्यांच्या यादीवर वरिष्ठांच्या सह्या लागतात. हे सगळं तू जमवशील. पण मुळात तू कुठे तरी नोंदणीकृत व्हेटर्नरी टेक्निशियन किंवा नर्स असावी लागतेस, आणि तिथे आपली गाडी अडते. आपल्या १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याखाली नोंदणी होते ती डॉक्टरांची. कलम ३० प्रमाणे पदविकाधारकांना राज्य सरकारच्या आदेशानं, आणि तेही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली, किरकोळ पशुवैद्यकीय सेवा देता येते. सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे, व्रणोपचारक आहे, परिचर आहे. नोंदणीकृत नर्स मात्र कुठेच नाही. तेव्हा कुणी "आमचा कोर्स करा, परदेशात स्पेशालिस्ट व्हा" असं सांगत असेल, तर पैसे भरण्याआधी त्या अकादमीलाच ईमेल करून विचार.

त्यांची पदवी नाही मिळाली तरी त्यांची पद्धत उचलायला कुणाची परवानगी लागत नाही. अकादमी आधी विचारते, "तू काय केलंस ते लिहून ठेवलं आहेस का?" ब्रिटनमध्ये नोंदणीकृत नर्सला वर्षाला १५ तास शिक्षण दाखवावं लागतं, आणि नुसते तास भरून भागत नाही, शिकल्यामुळे आपल्या कामात काय फरक पडला तेही नोंदवावं लागतं. आपल्याकडे तास मोजणारं कुणी नाही. म्हणून आपण सर्टिफिकेट मोजत बसतो.

तुला करायला सांगते ते असं. मागच्या सहा महिन्यांचं नाइटचं रजिस्टर घेऊन बस, शंभर पानी वही घे आणि रकाने आख: काय आलं, दारात पहिल्या पाच मिनिटांत मी काय केलं, डॉक्टर येईपर्यंत काय करता आलं असतं, कुठे हात अडला. चौथा रकाना प्रामाणिकपणे भरलास की तुझा अभ्यासक्रम तयार झाला.

माझ्या वहीत पहिल्या वर्षी काय निघालं ते सांगते. एप्रिल-मेमध्ये उष्माघात. सकाळी नऊ वाजता तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर पग आणि बुलडॉग फिरवणाऱ्यांची कमी नाही. पावसाळ्यात पार्वो (पिल्लांना होणारा विषाणूचा उलट्या-जुलाबांचा आजार), गोचीड ताप, आणि मुळशी-भोरच्या फार्महाउसवरून येणारे सर्पदंश. संक्रांतीला मांजाने कापलेल्या घारी आणि कबुतरं. बाराही महिने गाडीखाली आलेली, उंदराचं औषध खाल्लेली, आणि लघवी तुंबलेले बोके. यातल्या बोक्यांपुढे मी अडाणी होते. लघवीला बसतो पण होत नाही, म्हणजे बद्धकोष्ठ असेल, असं घरच्यांनी सांगितलं की मीही तसंच केस पेपरवर लिहायची. तेव्हा रक्तात पोटॅशियम चढत असतं आणि हृदयाचे ठोके मंदावत असतात, हे मला कुठल्या कोर्सनं शिकवलं नाही. रजिस्टरमध्ये तीन बोक्यांसमोर लागोपाठ 'बद्धकोष्ठ' आणि त्याखाली 'मृत' दिसलं, तेव्हा मी पुस्तक उघडलं.

आता ज्या गोष्टींवर नर्सनं खरोखर वेळ घालवावा असं मला वाटतं त्या सांगते. सगळ्या सारख्याच महत्त्वाच्या नाहीत, त्यामुळे काहींवर जास्त बोलेन.

पहिली गोष्ट म्हणजे फोनवर बोलणं. हसू नकोस. रात्री दोन वाजता डॉक्टर कोथरूडला झोपलेले असतात आणि तू बाणेरला एकटी, सोबत एक मामा. "सर, ब्रूनो काही बरोबर वाटत नाही," असं तू म्हणालीस तर समोरून "सलाइन चालू ठेव, सकाळी बघू" हेच येणार. चूक त्यांची नाही, तू त्यांना काही दिलंच नाहीस. त्याऐवजी म्हण: "सर, ब्रूनो, ३२ किलो, काल तिल्ली काढली. बारा वाजता ठोके १२० होते, आत्ता १७०. बीपी वरचं ९५. हिरड्या फिक्या, दाबल्यावर रंग यायला तीन सेकंद. पोट मघापेक्षा फुगलेलं वाटतंय. तुम्ही यावं असं मला वाटतं, येईपर्यंत सलाइनचा बोलस देऊ का?" इथे सर उठतात. (बोलस म्हणजे थोड्या वेळात एकदम दिलेलं सलाइन.) ठोक्यांना वरच्या बीपीनं भागायचं, त्याला शॉक इंडेक्स म्हणतात. कुत्र्यात तो एकाच्या वर गेला की सावध व्हायचं. ब्रूनोचा जवळजवळ १.८ येतो. गुणाकार-भागाकार येणाऱ्या कुणालाही हे जमतं. पण त्यासाठी बारा वाजताचा आकडा लिहिलेला हवा. निदान डॉक्टर करतील, ते आपलं काम नाही आणि कायद्यानं आपल्याला करताही येत नाही. पण बदल सगळ्यात आधी दिसतो तो आपल्याला, कारण रात्रभर पिंजऱ्यासमोर आपण असतो.

पाठ करायची असेल तर रिबेका कर्बी या पशु-अतिदक्षता तज्ज्ञ बाईंनी रूढ केलेली वीस मुद्द्यांची यादी पाठ कर. गंभीर पेशंटचे द्रव, साखर, क्षार, ऑक्सिजन, रक्तदाब, लघवी, रक्त गोठणं, वेदना, पोषण असे वीस मुद्दे रोज एकेक करून तपासायचे. शेवटचा मुद्दा माया. ती चक्क यादीत आहे, गंमत म्हणून नाही. मी ही यादी मराठीत लिहून प्रत्येक आयसीयू पिंजऱ्याला अडकवली आहे. सकाळचं हँडओव्हर त्याच क्रमाने होतं, म्हणून काही सुटत नाही.

दुसरी गोष्ट सलाइन, आणि इथे मला माझीच चूक सांगायला हवी.

तेव्हा मी आधीच्या एका हॉस्पिटलमध्ये होते. चार महिन्यांचं लॅब्रॅडोरचं पिल्लू, पार्वो, तिसरा दिवस. पोटॅशियम खूप कमी आलं होतं. डॉक्टरांनी पोटॅशियम क्लोराइड सलाइनमध्ये घालायला सांगितलं आणि ते ओपीडीत गेले. मी हिशेब बरोबर केला. अ‍ॅम्प्यूल १० मिलीचा, १५ टक्के, म्हणजे मिलीला २ मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक). तेवढं मला येत होतं. सिरिंज भरली आणि टांगलेल्या, चालू असलेल्या बाटलीत सोडली. हलवली नाही. पोटॅशियमचं द्रावण जड असतं, ते खाली तोटीपाशी बसतं, आणि पिल्लाला पहिल्या काही मिनिटांत जवळजवळ सगळं एकदम जाऊ लागतं. मॉनिटरवर ठोके रुंद आणि मंद व्हायला लागले, तेव्हा मला वाटलं वायर सुटली असेल. शेजारच्या मावशींनी डॉक्टरांना हाक मारली. ड्रिप बंद झाली, कॅल्शियम ग्लुकोनेट हळूहळू दिलं, आणि पिल्लू वाचलं. आठव्या दिवशी शेपटी हलवत घरी गेलं. पण मला अजून ती तोटी दिसते.

लाजिरवाणी गोष्ट ही की कॅल्शियम म्हणजे काय हे मला चांगलं माहीत होतं. गावाकडे व्यायलेल्या गाईला दुग्धज्वर झाला की डॉक्टर शिरेतून कॅल्शियम देत आणि मला स्टेथोस्कोप लावून बसवत. ठोका चुकला की "थांबा" म्हणायचं. त्याच हृदयावर पोटॅशियम उलट बाजूने चालतं हे मी कधी जोडूनच पाहिलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या हाताखालच्या मुलींना नियम आहे: औषध घालायचं तर ड्रिप बंद, बाटली खाली काढायची, दहा वेळा उलटी-सुलटी करायची, लाल पेनानं किती आणि किती वाजता घातलं ते चिकटवायचं, मग टांगायची. पोटॅशियम असलेल्या बाटलीतून बोलस कधीही नाही. आणि तासाला किलोमागे ०.५ मिलीइक्विव्हॅलंटच्या वर वेग जातो आहे असं वाटलं, तर डॉक्टरांनी सांगितलेलं असलं तरी परत विचारायचं. परत विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही, हे मुलींना पटवायला मात्र वेळ लागतो.

इन्फ्युजन पंप सगळ्यांकडे नसतात, किंवा असतात आणि बिघडलेले असतात. म्हणून थेंबांचा हिशेब डोळे मिटून यायला हवा. साध्या सेटला मिलीला २० थेंब, मायक्रो सेटला ६०. म्हणजे मायक्रो सेटमध्ये तासाला जेवढे मिली तेवढेच मिनिटाला थेंब, आणि साध्या सेटमध्ये त्याच्या एक तृतीयांश. तासाला ३० मिली द्यायचे असतील तर मायक्रोवर ३०, साध्यावर १० थेंब. एवढंसं गणित. आणि जुन्या लोकांकडून 'शॉकमध्ये किलोला ९० मिली' असं ऐकलं असशील, तर तेवढं एकदम ओतायचे दिवस गेले. आता कुत्र्याला किलोमागे १५ ते २० मिली, मांजराला ५ ते १०, हे १५ ते ३० मिनिटांत द्यायचं, मग थांबायचं, परत ठोके, हिरड्या, बीपी बघायचं आणि डॉक्टरांना सांगायचं. मांजराच्या बाबतीत तर जास्तच जपायचं. मांजराची फुप्फुसं पाण्यानं भरायला वेळ लागत नाही, आणि श्वासाचा वेग वाढतोय हे पहिल्यांदा आपल्यालाच दिसायला हवं.

आता सीपीआर, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवायची धडपड. कोर्स विकणाऱ्यांचा हा आवडता विषय, आणि या एका बाबतीत त्यांचं बरोबर आहे. पशूंच्या सीपीआरची पुराव्यांवर आधारलेली मार्गदर्शक तत्त्वं 'रिकव्हर' या उपक्रमानं २०१२ साली पहिल्यांदा काढली, २०२४ साली सुधारली. दोन्ही फुकट वाचायला मिळतात. त्यांचं बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स्ड असं प्रशिक्षण आहे. वाचायचा भाग ऑनलाइन, हाताचा भाग प्रशिक्षकासमोर. पैसे खर्च करायचेच असतील तर माझ्या मते पहिले इथे कर, त्या ४५ हजारांच्या कोर्सवर नको.

पण तोवर थांबू नकोस. मिनिटाला १०० ते १२० दाब, कुशीवर झोपवलेल्या कुत्र्याच्या छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत. गोल छातीच्या लॅब्रॅडोरला सगळ्यात रुंद भागावर, खोल अरुंद छातीच्या ग्रेहाउंड-डॉबरमनला थेट हृदयावर, बुलडॉगसारख्या पसरट छातीच्याला उताणं झोपवून. मांजराला एका हाताच्या पकडीत किंवा दोन अंगठ्यांनी. श्वासनलिकेत नळी घातलेली असेल तर दाब न थांबवता मिनिटाला १० श्वास. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दोन मिनिटांनंतर दाब उथळ होतो आणि करणाऱ्याला ते कळत नाही. बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मॉनिटरवर १८ मिमी एचजीच्या वर राहिला पाहिजे. नाही राहिला तर दाब चुकतोय.

हे वाचून पाठ होतं, हाताला येत नाही. आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी तीनला ड्रिल करतो. तुळशीबागेतून आणलेलं मोठं कापडी कुत्रं आहे, पोटात फोम आणि जुनी अ‍ॅम्बू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) कोंबलेली. मुलींनी त्याला 'मोत्या' नाव ठेवलं आहे. मोबाइलवर मेट्रोनोम ११० वर लावायचा. एकजण दाब देणार, एकजण श्वास, एकजण औषध काढणार, एकजण नुसती वेळ सांगणार आणि लिहिणार. पहिल्या ड्रिलला आम्ही पाचजण सगळेच बोलत होतो आणि चाळीस सेकंद मोत्याच्या छातीवर कुणाचाच हात नव्हता. व्हिडिओ काढला होता म्हणून कळलं, नाहीतर आम्ही स्वतःला शाबासकी देऊन चहाला गेलो असतो. आता वजनाप्रमाणे अ‍ॅड्रिनॅलीनचा तक्ता भिंतीवर आहे. किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे मिलीला १ मिलिग्रॅमच्या अ‍ॅम्प्यूलमधून १० किलोच्या कुत्र्याला ०.१ मिली. त्या घाईत हा दशांश चिन्हाचा हिशेब भलेभले चुकतात. पूर्वीचा दहापट डोस आता शिफारशीत नाही, म्हणून जुना तक्ता कुठे लावलेला असेल तर काढून टाक.

आणि हेही ऐकून ठेव. हृदय थांबून आलेले बहुतेक पेशंट वाचत नाहीत. भूल देताना, टेबलावर थांबलेल्यांचं त्यातल्या त्यात बरं असतं, कारण तिथे माणसं आणि नळी आधीच हजर असतात. म्हणून मी मुलींना सीपीआरइतकंच, किंबहुना जास्त, सीपीआरची वेळ येऊ न देणं शिकवते. म्हणजे परत तेच, बारा वाजताचा आकडा.

दाराशी पहिली पाच मिनिटं, म्हणजे ट्रायाज (कुणाला आधी बघायचं ते ठरवणं), हा खरा नर्सचा प्रांत. इथे मी दोनच गोष्टी बोलते, बाकीचं पुस्तकात आहे. एक: "घशात हाड अडकलंय, जबडा मिटत नाही, लाळ गळतेय," असं सांगत कुणी कुत्रं घेऊन आलं, तर तोंडात हात घालू नकोस. हातमोजे घालूनही नको. आधी रेबीज डोक्यात यायला हवा. कोर्सच्या फीआधी स्वतःचं चाव्यापूर्वीचं रेबीज लसीकरण पूर्ण कर आणि प्रतिपिंडांची चाचणी करून घे, मिलीला ०.५ आंतरराष्ट्रीय युनिटच्या वर हवं. लस बनवणारी कंपनी आपल्याच हडपसरला आहे आणि आपल्याच दवाखान्यांतल्या निम्म्या मुलींनी लस घेतलेली नसते, याला काय म्हणायचं! दोन: उंदराच्या औषधाचं पाकीट घरच्यांना आणायला लाव. झिंक फॉस्फाइड असेल तर उलटीतून विषारी वायू निघतो. उलटी करवायची ती डॉक्टरांनी सांगितल्यावर आणि उघड्या हवेत, आयसीयूच्या बंद खोलीत नाही. सडक्या मासळीसारखा वास आला की खिडक्या उघड, नंतर विचार कर.

उष्माघाताबद्दल थोडंसं. फोन आला की "लगेच घेऊन या" म्हणायच्या आधी "नळाचं पाणी ओता, पंखा लावा, गाडीत एसी लावा, मग निघा" असं सांग. बर्फ नको. आणि तुझ्याकडे आल्यावर ताप १०३ फॅरनहाइटला उतरला की गार करणं थांबव, नाहीतर तो खाली घसरत राहतो. रिसेप्शनवरच्या मुलीलाही हे शिकव, कारण फोन ती उचलते.

सर्पदंश तुझ्याकडे येत असतील तर एक तपासणी तुझ्या हातात आहे. २ मिली ताजं रक्त, नवी कोरडी काचेची टेस्ट ट्यूब, २० मिनिटं हात न लावता ठेवायची, मग एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं तर घोणस किंवा फुरसं डोक्यात घ्यायचं. मण्यार आणि नाग रक्त गोठण्यावर नाही, नसांवर काम करतात. त्यांचं चित्र वेगळं, श्वास उथळ होत जातो. प्लास्टिकची ट्यूब किंवा साबणानं धुतलेली काच वापरलीस तर उत्तर खोटं येतं, आणि मग दोष मशीनला नाही, आपल्याला. अँटी-स्नेक व्हेनमची पावडर विरघळवताना बाटली घुसळायची नाही, हातात हलकेच फिरवायची. फेस झाला की औषध वाया. सुरुवात अगदी सावकाश करायची, अ‍ॅड्रिनॅलीन भरलेली सिरिंज शेजारी. हे औषध आपल्या जिल्ह्यातच, नारायणगावला बनतं. जुन्नरकडे कामाला होते तेव्हा त्या गावावरून किती वेळा गेले असेन, तेव्हा पत्ताही नव्हता.

रक्त चढवणं, वेदनेची मोजणी, नळीतून खाऊ घालणं, हे विषय मी उडवते आहे असं वाटेल. वेदनेबद्दल एवढंच: मांजराच्या चेहऱ्यावरून दुखणं मोजायची फेलाइन ग्रिमेस स्केल माँट्रियल विद्यापीठाच्या लोकांनी २०१९ साली मांडली. कान, डोळे, तोंडाचा भाग, मिशा, मान. प्रत्येकाला शून्य ते दोन, दहापैकी चार झाले की वेदनाशामकाचं डॉक्टरांना विचारायचं. शिकायला एक संध्याकाळ पुरते, फुकट आहे, आणि 'मांजर शांत बसलंय' असं केस पेपरवर लिहिणं त्यानंतर तुला जमणार नाही.

आता पहिला प्रश्न, तो ४५ हजारांचा. संस्थेचं नाव तू लिहिलं नाहीस, बरंच झालं. त्यांना चार गोष्टी विचार. शिकवणारे रात्री आयसीयूत काम करतात का? शिकवणाऱ्यांत एक तरी नर्स आहे का, की सगळे डॉक्टर, आणि डॉक्टरांचाच अभ्यासक्रम पातळ करून वाढलेला? माझ्या स्वतःच्या केसेस कुणी वाचून त्यावर बोलणार आहे का? हाताचं काम किती दिवस आणि कुठे? चारपैकी तीन उत्तरं गोलमाल आली तर पैसे वाचव. 'आंतरराष्ट्रीय मान्यता' हे शब्द ऐकलेस तर कुणाची, हे नावानिशी विचार.

त्याऐवजी पुण्यात बसून काय करता येईल? शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तासाभराच्या आसपास आहे, मुंबईचं १८८६ पासूनचं परळचं आहे. तिथली प्रशिक्षणं बहुधा डॉक्टरांसाठी असतात, पण तुझ्या डॉक्टरांनी फोन केला तर मागच्या बाकावर बसायला नाही म्हणणारे कमी. मी दोनदा अशीच बसले. दुसरं, माणसांच्या बाजूचं शिकायला लाजू नकोस. पुण्यात गल्लीगणिक आयसीयू आहेत. तुझ्या ओळखीत, नात्यात एक तरी सिस्टर असेलच. इन्फ्युजन पंप, ऑक्सिजनचा फ्लोमीटर, ब्लड गॅसची चिठ्ठी, सेंट्रल लाइनची ड्रेसिंग हे मला माझ्या आतेबहिणीनं शिकवलं, ती एका मोठ्या रुग्णालयात आयसीयू सिस्टर होती. आकडे वेगळे, शिस्त तीच. माणसांच्या बेसिक लाइफ सपोर्टचा एक दिवसाचा कोर्स बऱ्याच रुग्णालयांत होतो. दाबाचा वेग तोच, १०० ते १२०, आणि मनगटाला सवय होते. फक्त घरी येऊन मोत्यावर जागा बदलून करून बघ.

आणि तुझ्या हॉस्पिटलच्या मालकांकडे कोर्सची फी मागू नकोस, वेळ माग. महिन्याला दोन तास, पगारी, सगळ्या स्टाफसाठी, आणि त्यात मागच्या महिन्यातल्या एका दगावलेल्या पेशंटचा केस पेपर उघडून बोलायचं. कुणाला दोष द्यायचा नाही, पण वेळा वाचायच्या. आमच्या डॉक्टरांना पहिल्या दोन बैठका जड गेल्या. तिसरीत ते स्वतः म्हणाले, "इथे मी यायला उशीर केला." त्या दिवसानंतर मुली बोलायला लागल्या.

राहिला अभ्यास कधी करायचा हा प्रश्न. पहाटे तीन ते पाच पुस्तक उघडू नकोस. त्या वेळी डोळे वाचतात, डोकं नाही, आणि पेशंटही नेमके तेव्हाच ढासळतात. नाइट संपवून घरी जाऊन अभ्यास हीही थाप आहे. मी चार वर्षं ती स्वतःला मारली. माझं जे जमलं ते असं: पाळी संपल्यावर, अंगावरचा कोट काढायच्या आधी, दहा मिनिटं. वहीत रात्रीची एक केस, चार रकाने. सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यातला चौथा रकाना घेऊन फक्त तेवढंच वाचायचं, जास्तीत जास्त तास. सहा महिन्यांत साधारण पंचवीस विषय होतात. मग वही घेऊन एखाद्या पहिल्या रविवारी आमच्याकडे ये, तीन वाजता. मोत्याच्या पोटातली बॅग पुन्हा फाटली आहे, शिवायला दोन हात कमी पडताहेत.